आमची वाटचाल: डाव्या चाकापासून
उद्यमनगरातली आमची शेड मूळची ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि जीपच्या कमानपाट्यांची, म्हणजे चाकांवर गाडी पेलणाऱ्या स्प्रिंगांची. वडिलांचा धंदा तोच. जुन्या स्पोर्ट्स कार आमच्याकडे आल्या त्या योगायोगानेच, आणि पहिलंच काम मी बिघडवलं, हे आधीच सांगून टाकतो.

कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांची एमजीबी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार होती. दोन सीटची, तारांच्या चाकांची. 1962 ते 1980 ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनला बनत होती. डॉक्टरांना रुंद टायर हवे होते. मी 195/60 आर 14 आणून चढवले, म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 14 इंची. गाडी अशी काही दिसायला लागली की गल्लीतली पोरं जमली. दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याहून फोन : "अहो, मागून जळक्या रबराचा वास येतोय." गाडी परत आली तेव्हा मागच्या डाव्या टायरच्या बगलेवर सुरीनं ओढल्यासारखी रेघ. उजवा टायर कोरा करकरीत.

डावाच का? वडील काही बोलले नाहीत. आतून गवंड्याचा ओळंबा आणला, मडगार्डाच्या कडेवरून सोडला आणि टायरपर्यंतचं अंतर मोजलं. डावीकडे उजवीपेक्षा 8 मिलिमीटर कमी! पुढे हाताखालून गेलेल्या बहुतेक एमजीबींत हेच दिसलं. मागचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, बॉडीच्या बरोबर मध्ये नसतोच. त्यात कमानपाट्यांच्या टोकांचे रबरी बुश (सांध्यातल्या नळ्या) झिजलेले असले की तो आणखी सरकतो.

शिवाय साडेचार इंची रिमवर 195 चा टायर ही माझी निव्वळ हौस. रिम अरुंद, म्हणून बगल फुगते. मूळ 165 च्या जागी 185/70 घातला तर दोन्ही अंगांना साधारण 10-10 मिलिमीटरच वाढतात आणि उंची 620 ची 615 होते. 195/60 ची उंची 590. टायर लहान झाला की जास्त फेरे घेतो, म्हणजे खरा वेग 60 असताना काटा 63 दाखवणार. हा हिशेब टायर आणायच्या आधी करायचा असतो. त्या चार टायरचे पैसे आम्हीच सोसले.

तेव्हापासून टायर शेवटी. आधी बुश बदलायचे, ओळंबा लावायचा. मग एक टायर चढवून मडगार्डाच्या आतल्या कडेला खडू फासायचा, डिकीत वाळूची पोती टाकायची आणि मुद्दाम खराब रस्त्यावर चक्कर मारायची. टायरवर पांढरं उमटलं की जागा कळते. मग हॉट एअर गननं रंग गरम करून कड हळूहळू आत दाबायची. घाई केली की रंग तडकतो. ग्राइंडर मात्र लावायचा नाही. तिथे आतला आणि बाहेरचा पत्रा स्पॉट वेल्डिंगनं जोडलेला असतो. कड कापली की सांधा उघडतो आणि पाणी शिरून पत्रा आतून सडतो. अशी कापलेली एक गाडी आमच्याकडे आली होती. टायरचं काम राहिलं बाजूला, दीड महिना पत्राच जोडत बसलो.

गिऱ्हाइकाला नाही म्हणायलाही याच कामानं शिकवलं. तारांच्या चाकावर 195 मागणारे अजून येतात. मी कागदावर आकडे मांडून दाखवतो. काही जण चहा पिऊन निघून जातात.

डॉक्टरांची गाडी दर दसऱ्याला येते, आता 185/70 वर. गाडीत बसण्याआधी ते डाव्या मडगार्डाखाली बोटं घालून बघतात.