सरांचा मोरचूद

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असं शाळेचं पत्र आलं आणि खरं सांगते, डोळ्यासमोर शाळा आलीच नाही, सर आले. कोणते सर ते आपल्या बॅचला सांगायला नको, प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्या खिशात असायची तेच.

नववीत मोरचुदाचा, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटचा, स्फटिक वाढवायचा होता. मी गरम पाण्यात मावेल तेवढा मोरचूद विरघळवला, द्रावण थंड झाल्यावर चांगल्या कडांचं एक बी, म्हणजे मोरचुदाचाच छोटा स्फटिक, शिवणाच्या सुती दोऱ्याला बांधून त्यात सोडलं आणि सकाळी बघते तर बी होतं तेवढंच, पण दोरा वरपासून खालपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढ्या निळ्या दाण्यांनी भरलेला, बीकरच्या तळाशी जुना ओरखडा होता त्याच्यावर तर दाण्यांची रांगच. मला वाटलं कोणीतरी हात लावला, मी रडायलाच लागले. सरांनी भिंग हातात दिलं. "बघ, एकेका तुसाला एकेक दाणा. त्याला बसायला जागा लागते, तू जागाच जागा करून ठेवल्यास!"

मग समजावलं, की नुसत्या द्रावणात नवा स्फटिक सुरू व्हायचा तर पहिला इवलासा पुंजका टिकत नाही, नवा पृष्ठभाग तयार करायची ऊर्जा त्याला परवडत नाही आणि तो परत विरघळतो. धुळीचा कण, तूस, ओरखडा मिळाला की तो खर्च कमी होतो आणि पुंजका तगतो. म्हणूनच अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाहीत, आणि पाऊस पाडायला ढगात सिल्व्हर आयोडाइड फवारतात, कारण त्याची रचना बर्फासारखी असते आणि बर्फाला त्यावर बसायला जागा मिळते. हे सगळं त्या एका दोऱ्यावरून! मग द्रावण परत गरम केलं, दोनदा गाळलं, बीकर बदलला, नायलॉनचा दोरा घेतला, वर कागद झाकला. अकरा दिवसांनी अंगठ्याच्या नखाएवढा एकच स्फटिक.

दुसऱ्या वर्षी सरांनी तुरटीच्या द्रावणात चिमूटभर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घालायला लावला. एरवी आठ पृष्ठांचे होणारे स्फटिक चक्क घनाकृती व्हायला लागले. जी बाजू हळू वाढते तीच शेवटी मोठी दिसते आणि परका पदार्थ कुठल्या बाजूला चिकटून तिला रोखतो त्यावर आकार ठरतो, हे मी तेव्हा पाठ केलं, समजलं फार उशिरा.

आज मी औषधांच्या कारखान्यात क्रिस्टलायझेशन, म्हणजे द्रावणातून औषधाचे स्फटिक करायचं काम, बघते, १९ वर्षं झाली. मागे नव्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे द्रावणाच्या मोठ्या भांड्यात, एका बॅचचे स्फटिक काही केल्या होईनात, द्रावण थंड होऊनही काचेसारखं स्वच्छ. पोरं घाबरली. भिंती गुळगुळीत, द्रावण बारीक गाळलेलं, म्हणजे सुरुवात करायला जागाच नाही! जुन्या बॅचची थोडी पावडर बी म्हणून टाकली, अर्ध्या तासात सगळं दुधाळ. दुसऱ्या एका बॅचमध्ये थोडी अशुद्धी राहिली तर स्फटिकांच्या सगळ्या सुया झाल्या आणि गाळायला रात्र गेली, तेव्हा मला टाकणखारच आठवत होता.

मागच्या वर्षी शाळेत आले तर प्रयोगशाळेला कुलूप, पोरं प्रयोग स्क्रीनवर बघतात. फार वाईट वाटलं. सर आता नाहीत. मोरचूद, तुरटी, फिल्टर पेपर, दोरे, सगळं मी दरवर्षी पाठवीन, तेवढं कुलूप काढा आणि वरच्या खणात सरांच्या हातच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या असतील, त्या टाकू नका.