गड्ड्याच्या गर्दीत, न विझणारे दिवे घेऊन

"अक्षता चुकता कामा नयेत," सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, निघताना एवढीच सासूबाईंची अट होती. म्हणून भोगीच्या आदल्या संध्याकाळीच पुणं सोडलं. आमचं फिरतं घर म्हणजे जुन्या मिनीबसमध्ये बसवलेले दोन पलंग, एक शेगडी, एक सिंक आणि छताला चार बारा व्होल्टचे एलईडी दिवे. चारही दिव्यांना मिळून उजेड कमी-जास्त करणारा, गोल बटणाचा एकच डिमर.

भिगवण मागे पडलं आणि गंमत सुरू झाली. मंद ठेवलेले दिवे गाडी गतिरोधकावर आदळली की भक्कन प्रखर व्हायचे आणि क्षणभरात पुन्हा मंद. मुलं खूश. मोहोळपर्यंत मात्र ते प्रखर झाले ते तसेच राहिले. बटण कसंही फिरवा, फरक नाही. पार बंद केलं तरी दिवे ढिम्म.

डिमर गेला, असं मी जाहीर केलं. जवळ नवा होता. सोलापुरात गाडी उभी करून हेडटॉर्चच्या उजेडात तो लावला. दिवे तसेच. फ्यूज काढला तर पाण्याचा पंप आणि मोबाईलचं चार्जिंगही बंद, कारण मीच काटकसर म्हणून सगळं एका फ्यूजवर घेतलेलं. शेवटी बायकोने दिव्यांखाली सोलापुरी चादर ताणून बांधली आणि आम्ही त्या निळसर तंबूत झोपलो.

दुसऱ्या दिवशी वायरिंगला कोण विचारतो! पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लागणारं लग्न. अक्षता पडल्या तेव्हा सासूबाईंचे डोळे भरून आले होते. रात्री होम मैदानावर पाळण्यांचा झगमगाट पाहून धाकटा म्हणाला, "बाबा, यांचे तरी बंद होतात का?"

दुकानं उघडल्यावर आधी एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. त्याने घरातल्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर पुढे केला. तो २३० व्होल्टच्या एसीवर चालणारा. त्यातला ट्रायक, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद होतो तो एसीचा प्रवाह दर फेरीला शून्यावर येतो म्हणून. बॅटरीच्या डीसीवर असा शून्य येतच नाही, त्यामुळे एकदा चालू झाला की तो चालूच. असले दिवे माझ्याकडे आधीच होते.

मग अक्कलकोट रोडला गाड्यांचं वायरिंग करणारे एक अण्णा भेटले. घरचं बोलणं तेलुगू, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी. त्यांनी डिमर उघडलासुद्धा नाही. त्यातून दिव्यांकडे जाणारी काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, तेवढी सोडवली आणि हातात धरून उभे राहिले. चारही दिवे तसेच चालू!

"बगा साहेब. डिमरचा काय दोष? ह्यो निगेटिव्ह तोडतो. पॉझिटिव्ह सरळ जातंय दिव्याला."

डोक्यात प्रकाश पडला तो असा. हा डिमर व्होल्टेज कमी करत नाही, सेकंदाला शेकडो वेळा निगेटिव्हची वाट तोडतो आणि जोडतो. चालू वेळ कमी, तर उजेड कमी. पण बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीलाच जोडलेलं असतं. दिव्याची काळी वायर कुठे पत्र्याला टेकली, की निगेटिव्हला डिमरला वळसा घालून थेट रस्ता मिळतो. आणि निगेटिव्ह निगेटिव्हलाच टेकल्यामुळे फ्यूजही उडत नाही. लाल वायर टेकली असती तर फ्यूजने लगेच सांगितलं असतं.

अण्णांनी फ्यूज काढला, मीटर बझरवर ठेवलं (दोन टोकांत जोड असेल तर वाजतो), एक टोक काळ्या वायरीला, दुसरं सीटच्या बोल्टला. पीं. मग दिव्यांमधले जॉइंट डिमरकडून एकेक सोडवत गेले आणि दर वेळी मीटरचं टोक पुढे उरलेल्या वायरीला लावत गेले. पहिला सोडवला, पीं. दुसरा, पीं. तिसरा सोडवल्यावरही पीं, म्हणजे घोळ शेवटच्या तुकड्यात. मागच्या दाराजवळची पट्टी काढली. छताच्या आडव्या पत्र्याला भोक पाडून वायर ओढलेली, वायर घासू नये म्हणून भोकात बसवतात ते रबरी ग्रोमेट नाही. कच्च्या कडेवर घासून आवरण नखाएवढं गेलं होतं आणि आत तांबं चकाकत होतं. गतिरोधकावर वायर हलायची, टेकायची, सुटायची. मोहोळच्या आसपास कधीतरी ती अडकूनच बसली.

"भोक कुणी पाडलं?" अण्णांनी विचारलं. मी छताकडे बघत राहिलो. बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी भोकाची कड कानशीने घासली, खराब तुकडा कापून नवा जोडला, वर स्लीव्ह चढवली. मापाचं ग्रोमेट नव्हतं, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा भोकात बसवला. फ्यूज लावला, बटण फिरवलं. दिवे हळूहळू मावळले आणि पार विझले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की सासूबाईंनी बळेच तिळगुळाचा डबा हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात नळदुर्गाकडे निघालो, पाणी महाल बघायला. दिवे अगदी मंद ठेवले होते. सासूबाई कडक भाकरीवर शेंगा चटणी घेऊन मागे बसलेल्या, नजर छताला. प्रत्येक गतिरोधकानंतर त्यांचा आवाज यायचा, "नाही वाढला!"