पंप मारला? आता चूळ भर

सुरुवात मिसळीपासून झाली. रविवारी सकाळी आम्ही चौघं रंकाळ्याला फेरी मारून मिसळ खायला जातो आणि मी एक्स्ट्रा कट मागणारा माणूस, तिखटाला कधी भ्यालो नाही. पण गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी पहिल्या घासालाच तोंडात अशी आग झाली की पाव तसाच ठेवून ताक मागवलं. 'काय भावा, म्हातारा झालास काय?' म्हणून तिघं हसत बसले.

घरी निदान झालं की उष्णता आहे. आईनं सब्जा, गुलकंद सगळं चालू केलं. त्यात आवाजही बसलेला. मी आठवी ते दहावीच्या पोरांना गणित शिकवतो, संध्याकाळी लागोपाठ तीन बॅचेस, तिसऱ्या बॅचला घशातनं नुसती खरखर यायची, ते मी खडूच्या धुरळ्यावर ढकललं. शेवटी बायकोनं मोबाईलचा टॉर्च मारून तोंडात बघितलं तर टाळूला आणि गालाच्या आतनं पांढरे पांढरे डाग, दही खाऊन चूळ न भरल्यासारखे.

डॉक्टर मॅडमनी तोंड बघितलं आणि एकच विचारलं, दम्याचा पंप (इनहेलर) घेतल्यावर काय करता? मी म्हटलं, चहा पितो.

त्या हसल्या पण नाहीत.

तर झालं असं होतं की ऑक्टोबरात कारखाने सुरू व्हायच्या टायमाला माझा दमा उचल खातो. आमच्या गावाकडं ऊस तुटला की फडात पाचट पेटवतात, गुऱ्हाळाचा धूर असतोच, त्यात सकाळची थंडी. म्हणून माझ्या रोजच्या पंपाचा डोस वाढवलेला. त्यात बुडेसोनाईड असतं, म्हणजे स्टिरॉइड, श्वासनळीची आतली सूज उतरवणारं. पण पंप दाबल्यावर औषध इतक्या जोरात सुटतं की निम्म्याहून जास्त तोंडात आणि घशातच आपटून बसतं, छातीपर्यंत थोडंच पोचतं. जे तोंडात राहिलं त्याचा दम्याला काडीचा उपयोग नाही, उलट तिथली प्रतिकारशक्ती ते दाबून टाकतं. कँडिडा नावाची बुरशी बऱ्याच जणांच्या तोंडात आधीच गप पडून असते, तिला रान मोकळं मिळतं. आवाज बसतो तो औषध स्वरयंत्रावर बसल्यामुळं. डोस जास्त तेवढा हा त्रास व्हायचा चान्स जास्त. आणि हे सगळं पंपाच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं हो, मी त्याची घडीच कधी मोडली नव्हती.

उपाय एवढा साधा की लाज वाटली. पंप झाला की लगेच तोंडात पाणी घ्यायचं, खळखळून चूळ भरायची, मान मागं टाकून घशापर्यंत गुळण्या करायच्या आणि थुंकायचं. गिळायचं नाही, मी चहाबरोबर नेमकं तेच करत होतो. मॅडमनी ट्रिक सांगितली की पंप ब्रश करायच्या आधी घ्या, म्हणजे तोंड धुतलंच जातं, वेगळं लक्षात ठेवायला नको.

दुसरं म्हणजे स्पेसर. तो पंपाला लावायचा प्लास्टिकचा फुगीर नळा मला लहान पोरांचा वाटायचा, बॅगेतनं न्यायची लाज. पण औषधाचे मोठे थेंब त्या नळ्यातच बसतात आणि बारीक कण तेवढे आत जातात. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर ओठात घट्ट धरून एकदाच दाबायचा आणि सावकाश ओढायचं, मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा पफ असेल तर परत हलवून, वेगळा. दोन एकदम मारायचे नाहीत (मी मारायचो, बॅचला उशीर होतोय म्हणून). स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. आमच्या हिनं पहिल्यांदा पंच्यानं आतनं चकाचक पुसला, त्यानं म्हणे प्लास्टिकला स्टॅटिक येतं आणि औषध भिंतीलाच चिकटतं. परत धुतला.

आणि एक गाढवपणा सांगायचाच राहिला. डाग दिसल्यावर मॅडमकडं जायच्या आधी मी स्वतःच्या डोक्यानं चार दिवस पंप बंद ठेवला होता. चौथी रात्र दोन वाजल्यापासनं उशा रचून बसून काढली, छातीत नुसती शिट्टी. तसलं करू नका. तोंडासाठी क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट मिळाला, डाग आठ-दहा दिवसांत गेले. आवाजाला मात्र वेळ लागतोय, तो गुळण्यांनी लगेच सुटत नाही. नाहीच सुटला तर औषध नाहीतर पंप बदलून बघू म्हणाल्यात.

मग मी आमच्या आबांच्या मागं लागलो. त्यांचं औषध कॅप्सूलवालं, रोटाकॅप, म्हणजे कॅप्सूलमधली पूड यंत्रातनं ओढायची, त्याला स्पेसर चालत नाही आणि श्वास पण उलटा, सावकाश नाही तर जोरात ओढायचा. त्यांना शुगर आहे, वर कवळी, म्हणजे बुरशीला आमंत्रणच. कवळी काढून चूळ भरा, कवळी पण धुवा म्हटलं तर 'तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव, दहा वर्सं घ्यालोय मी.' दोन दिवसांनी बघतो तर परसात उभं राहून अशा गुळण्या करालेत की गल्लीतली कुत्री उठली.

परवा क्लासमध्ये बॅगेतनं स्पेसर बाहेर पडला. पोरं फिदीफिदी हसली. सुटल्यावर नववीतली एक पोरगी थांबली, म्हणाली, 'सर, माझा पण पंप हाय, पण नळा न्हाई, आणि चूळ भरायचं पण कुणी सांगितलं न्हाई.' रोजचा की धाप लागल्यावरचा ते तिला सांगता येईना. धाप लागल्यावरच्या नुसत्या सालब्युटामॉलच्या पंपात स्टिरॉइड नसतं, त्यानं हे डाग येत नाहीत. तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं, आईला दाखव आणि पुढच्या वेळी पंप घेऊनच डॉक्टरांकडं जा म्हणून.