तुमचे कोण लागतात ते?

घरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात: नागपूरजवळच्या जुनापाणीच्या त्या शिळावर्तुळांपायी एवढा जीव का टाकतेस? धोंड्यांचे घेर, आत लोहयुगातली थडगी; ना नाव, ना गाव, कोणाची तेही माहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

माझ्या कोणाचीच नाहीत. त्या लोकांना ओढूनताणून पूर्वज ठरवायची मला गरजही वाटत नाही. काटोल रोडजवळच्या माळावर तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. 1879 साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहिलं, 1961-62 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी तिथे उत्खनन केलं. आत काय होतं, हेही हमखास विचारता. लोखंडी हत्यारं आणि काळी-तांबडी मडकी. जवळच्या माहुरझरीला, अशाच वर्तुळांत, घोडाही पुरलेला सापडला, त्याच्या तांब्याच्या साजासकट. लोखंड ते स्वतः गाळत, नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंडला भट्टी मिळाली आहे. एवढ्या कष्टाचं लोखंड मेलेल्याबरोबर मातीत ठेवून ते घरी गेले.

पण माझं कारण हे नाही. संरक्षित हद्दीबाहेर, एका उतारावर मुरूम काढणं चालू होतं. मी पोचले तेव्हा जेसीबीने एक वर्तुळ मधोमध कापलं होतं. घेरातले धोंडे बाजूला ढकललेले. उभ्या कापात वर लहान दगडांची भर दिसत होती, तिच्याखाली काळी चिकण माती, आणि मातीत मडक्यांचे काठ. त्या माळावर काळी माती नाही. कोणीतरी ती खालून पाट्या भरभरून वर आणली होती. मी तिला हात लावला. ओलसर होती. आदल्या रात्रीच्या पावसाने असेल, पण मला ते सहन झालं नाही.

चालक डबा खात बसला होता. ‘गोटेच त हायेत न मॅडम,’ तो म्हणाला. ‘तुमचे कोन लागतात थे?’ उद्धटपणा नव्हता त्यात, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला बोलता आलं नाही. तो मुरूम त्याच्याच वस्तीच्या रस्त्यावर पडणार होता. पावसाळ्यात तिथून बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावं लागायचं, हेही त्यानेच सांगितलं.

तेव्हाची मी ‘वारसा, वारसा’ म्हणून भांडायचे. ती आजही म्हणते, काम थांबवायलाच हवं होतं. मला हो म्हणवत नाही. नाहीसुद्धा म्हणवत नाही, कारण तसाच मुरूम थोडं पुढे, मोकळ्या उतारावरही होता. आणि कोणासाठी तरी पाट्या वाहणारी माणसं मला त्या कापात दिसली, म्हणून मी जाते. भाबडेपणा म्हणायचं तर म्हणा.

ते वर्तुळ कुठल्याच यादीत नव्हतं. आता मी आजूबाजूच्या उतारांवर फिरून दिसेल त्या वर्तुळाचं ठिकाण लिहून घेते, फोटो काढते, आणि कागद कचेरीत देते. उपशाची परवानगी देण्याआधी कोणीतरी तो उतार पायी फिरून बघावा, एवढंच मागते. एका दुपारचं काम आहे. अजून कोणी आलेलं नाही.