अखंड बडबड
आमची लेक तीन वर्षांची होत आली असून सकाळी डोळे उघडताच सुरू झालेली तिची बडबड कुकरच्या शिट्टीलाही दाद देत नाही. वर्षाच्या सुमारास सुटे शब्द, दोनच्या आसपास दोन शब्दांची वाक्ये आणि मग ‘का’ची सरबत्ती, हा क्रम बहुतेक मुलांत दिसतो, पण ‘पोळी का फुगते?’ याचे उत्तर आत कोंडलेल्या वाफेपर्यंत नेले, की लगेच ‘वाफ का कोंडते?’ असा प्रश्न येतो. (माझे विज्ञान तिथेच संपते.) फोनवर आजीने ‘जेवलीस का गं?’ असे विचारले, की मात्र ती नुसती मान हलवते, कारण पलीकडच्या माणसाला आपण दिसत नाही, हे या वयात ध्यानी येत नाही. आणि आजी बिचारी ‘हॅलो, हॅलो’ करत राहतात.