नऊ बाद दोनशे पाच

क्रिकेटपटू चंदू सरवट्यांचा जन्मदिवस 22 जुलै. त्याच्या जवळच्या रविवारी आमचं मंडळ रामबागेत त्यांच्या आठवणींची बैठक भरवतं, आणि इंदूरचा पाऊस नेमका त्याच दुपारी कोसळतो. दीपप्रज्वलन, हार, अध्यक्षीय भाषण सगळं रीतसर होतं. सरवट्यांच्या होळकर संघाची, म्हणजे इंदूरच्या संघाची, चार रणजी विजेतेपदं मोजली जातात. 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912, एकाच डावात सहा शतकं आणि त्यातलं एक सरवट्यांचं, हेही कुणीतरी सांगतंच. त्याच सामन्यात त्यांनी एका डावात 9 बळी घेतले, हे मात्र वक्ते विसरतात आणि मला मागून ओरडून सांगावं लागतं.

मी वर्षभर वाट पाहतो ती सरांच्या कॉमेंट्रीची. सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. हिंदी समालोचक सुशील दोशींच्या गावात आवाजाचे दर्दी कमी नाहीत, होळकर स्टेडियमच्या कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव आहे. तरी मराठीत सामना उभा करावा तर आमच्या सरांनीच.

मे 1946, लंडनचं ओव्हल मैदान, समोर इंग्लंडचा सरे काउंटी संघ. भारतीय संघ 9 बाद 205. दहाव्या क्रमांकावरचे सरवटे खेळताहेत आणि अकरावे शूट बॅनर्जी मैदानात उतरताहेत. सर इथून सुरू करतात. चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, डावा तळवा कानावर, समोर पेन्सिलीने लिहिलेला धावफलक. गोलंदाज परत फिरला की आवाज खाली येतो, तो धावत निघाला की चढतो, आणि बॅटला चेंडू लागला की सर बोटाच्या पेराने टेबलाच्या कडेवर टकटक करतात. ओव्हलवरचा एकेक फटका कुणाला माहीत असणार? सर तिथे सरवट्यांचे इंदुरात पाहिलेले फटके घालतात. लहानपणी यशवंत क्लबवर वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेले. ते फटके सांगताना त्यांचा आवाज जरा कापतो, आणि मला दरवर्षी रुमाल काढावा लागतो.

शनिवारचा खेळ संपतो, जोडी नाबाद. सर पाणी पितात. सभागृहात कुणी खुर्ची सरकवत नाही. मग सोमवार. बॅनर्जींचं शतक लागलं की पहिल्या रांगेतल्या बंगाली काकू उभ्या राहून टाळ्या वाजवतात. त्यांना मराठी पुरतं कळत नाही, पण एकही वर्ष चुकवलेलं नाही, आणि येताना घरी केलेले संदेश आणतात. शेवटी बॅनर्जी 121 वर बाद, सरवटे नाबाद 124, भागीदारी 249. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एकाच डावात दहाव्या आणि अकराव्या दोघांनी शतकं ठोकल्याचं दुसरं उदाहरण नाही. भारतीयांनी तो सामना नऊ गडी राखून जिंकला, हे वाक्य सर संपवतात तोवर अर्धं सभागृह उभं असतं.

अर्धंच, कारण बाकीचं रिकामं असतं. हे मी लिहिणारच. वनडेच्या तिकिटासाठी रात्र रात्र लाइनीत उभे राहणारे आपले लोक सरवट्यांसाठी दोन तास काढत नाहीत. काही पदाधिकारी तर फोटो झाला की पाऊस वाढायच्या आत म्हणून निघतात. इंदूरचा सरवटे बसस्टँड चंदू सरवट्यांच्याच नावाचा समजणारी मुलं मला भेटतात. ते नाव तात्या सरवट्यांचं, स्वातंत्र्यसैनिक आणि संविधान सभेचे सदस्य. मोठी माणसं होती दोघंही, पण क्रिकेटवाल्या सरवट्यांना ओळखायला निदान वर्षातून एकदा यावं लागेल.

तीन वर्षांमागे सरांचा घसा बसला होता तेव्हा त्यांच्या नातीने मधला भाग सांगितला. पोर इंजिनिअरिंगला आहे, मराठीत मध्येच हिंदी येतं. पण टकटक तिने आजोबांसारखीच केली. ‘चांगलं झालं गं,’ एवढंच सर म्हणाले आणि शेवटच्या पन्नास धावा स्वतः पूर्ण केल्या.

आता आभार, कारण मंचावर घाईत निम्मे राहतात. नावं घालू नका असं सगळ्यांनी बजावलंय, म्हणून कामावरूनच लिहितो. माइकवाले भाऊ, ज्यांनी लाइट गेली तेव्हा बॅटरी जोडली. खुर्च्या लावणारी लोकमान्य नगरची मुलं. साबुदाण्याची खिचडी करणाऱ्या चौघी वहिनी; पाचवी आजारी होती, तरी दाण्याचं कूट तिनेच पाठवलं. सरांना गाडीतून आणणारे आणि सोडणारे शेजारी. सरवट्यांचा फोटो दरवर्षी पुसून, काच बदलून आणणारे फ्रेमवाले काका. छत्र्या सांभाळणारे वॉचमन दादा. बंगाली काकू. चहा उशिरा आला तरी न कुरकुरता थांबलेले सगळे. आणि पावसात राजेंद्र नगरहून स्कूटरवर आलेलं ते जोडपं, ज्यांचा उल्लेख गेल्या वेळी राहून गेला होता.