अथणी, बेळगावी, रायबाग, रामदुर्ग: विंडोजवर लाल, लिनक्सवर हिरवे

उसाच्या वजनपावत्या तालुकावार लावून रोजचा अहवाल काढणारा एक पायथन प्रोग्राम आम्ही सांभाळतो. गिऱ्हाईक बेळगाव जिल्ह्यातलंच. आम्ही टिळकवाडीत विंडोजच्या लॅपटॉपवर काम करतो, प्रोग्राम मात्र चालतो त्यांच्या लिनक्स सर्व्हरवर. फोल्डर तालुक्यांच्या नावाने, इंग्रजी लिपीत, पहिलं अक्षर कॅपिटल. हंगामाआधी सूचना आली: सगळी नावं स्मॉल अक्षरांत करा आणि बेळगावचं स्पेलिंग सरकारी करा, म्हणजे 1 नोव्हेंबर 2014 पासून लागू झालेलं. (नावाचा वाद इथे नको. घरी आम्ही बेळगावच म्हणतो, फोल्डरने काहीही म्हणावं.)

काम किरकोळ. आमच्या गोकाकच्या पोराने फोल्डरची नावं बदलली, कोडमध्ये शोधून तीच नावं बदलली आणि टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, लावल्या. थोड्या वेळाने त्याची हाक आली, "अण्णा, लिनक्सवर बेळगावी एकटंच पास होऊलालंय. खरं विंडोजवर तेच फेल!"

आमच्या टेस्ट दोन प्रकारच्या. एक गट डेटाच्या फायली वाचतो. दुसरा गट अहवाल लिहितो आणि तोच परत वाचून आकडे तपासतो. वाचायच्या टेस्ट विंडोजवर सगळ्या हिरव्या (पास), लिनक्सवर बेळगावी सोडून सगळ्या लाल (फेल). लिहायच्या टेस्ट लिनक्सवर सगळ्या हिरव्या, आणि विंडोजवर फक्त चार तालुके लाल: अथणी, बेळगावी, रायबाग, रामदुर्ग. निकाल असे उलटसुलट आले की पहिल्यांदा संशय मशिनवर जातो, कोडवर नाही.

वाचायचं कोडं लवकर सुटलं. विंडोजची फाइल सिस्टिम कॅपिटल-स्मॉल अक्षरं जपून ठेवते, पण फाइल शोधताना त्यांत फरक करत नाही. लिनक्सला मात्र कॅपिटल ए आणि स्मॉल ए ही दोन वेगळी नावं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटही विंडोजवर तिथल्या रीतीप्रमाणे वागतं. नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं तर फोल्डर बदलला हे त्याच्या ध्यानातच येत नाही. पोराच्या लॅपटॉपवर फोल्डर स्मॉल झाले होते, रेपोत, म्हणजे लिनक्स जिथून कोड घेतो त्या गिटच्या साठ्यात, जुनेच राहिले होते. बेळगावचं स्पेलिंग मुळातूनच बदललेलं, त्यामुळे तेवढा एक फोल्डर नव्या नावाने रेपोत गेला. उपाय जुनाच आहे, नाव दोन टप्प्यांत बदलायचं: आधी भलतंच काहीतरी ठेवायचं, मग हवं ते.

लिहायच्या टेस्टनी मात्र घाम काढला. अपेक्षित अहवालांची यादी टेस्टच्या फाइलमध्ये कुणीतरी हाताने लिहून ठेवली होती, प्रत्येक नावाआधी आउटपुट हा फोल्डर आणि एकच बॅकस्लॅश (उलटी तिरकी रेघ). पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणातल्या मजकुरात, बॅकस्लॅश पुढच्या अक्षराला चिकटतो. स्मॉल एन म्हणजे नवी ओळ, हे शाळेतलं पोरही सांगेल. खरं स्मॉल ए म्हणजे घंटी, स्मॉल बी म्हणजे बॅकस्पेस आणि स्मॉल आर म्हणजे कर्सर ओळीच्या सुरुवातीला, हे रोज कुणाच्या डोक्यात असतं? कॅपिटल ए, बी, आर यांना असला अर्थ नाही, म्हणून जुनी नावं इतकी वर्षं चालून गेली. चिकोडी, गोकाक, हुक्केरी, खानापूर यांची पहिली अक्षरं स्मॉल झाली तरी निरुपद्रवीच. मग निपाणी कशी वाचली? कॅपिटल एनच्या आधी एकटा बॅकस्लॅश आला तर पायथन फाइल चालूच करत नाही, कारण त्या जोडीपुढे त्याला महिरपी कंसात एखाद्या युनिकोड अक्षराचं नाव हवं असतं. म्हणून कधीकाळी कुणीतरी निपाणीपुरते दोन बॅकस्लॅश टाकून वेळ मारून नेली होती.

विंडोज नावात असली नियंत्रक अक्षरं घेत नाही, म्हणून तिथे एरर आली. पण ती एरर वाचण्यात एक मेख आहे. रायबागच्या एररमध्ये छापलेला पाथ (फाइलचा पत्ता) दिसायला अगदी बरोबर, एक बॅकस्लॅश आणि पुढे रायबाग. पाथ खरंच बरोबर असता तर एररमध्ये तिथे दोन बॅकस्लॅश दिसले असते. तोच पाथ प्रिंट केला की आउटपुट हा शब्द गायब आणि आर नसलेलं रायबाग. बेळगावीच्या ओळीत आउटपुटचा शेवटचा टी गिळलेला. अथणी छापली की लॅपटॉप टुणकन वाजायचा.

आणि लिनक्सवर सगळं हिरवं का? तिथे बॅकस्लॅश हे नावातलं एक साधं अक्षर, बॅकस्पेससुद्धा नावात चालतो. त्यामुळे टेस्टने फोल्डरमध्ये काही लिहिलंच नाही. बाहेरच फोल्डर, बॅकस्लॅश आणि तालुका असं सगळं मिळून एका लांबलचक नावाची फाइल केली, त्याच नावाने परत वाचली आणि पास झाली. आपणच लिहायचं आणि आपणच वाचून खूश व्हायचं, असल्या टेस्टवर माझा विश्वास आधीपासून कमीच. फाइल योग्य फोल्डरमध्ये आली का, हे कुणी विचारतच नव्हतं.

बॅकस्लॅशचं हे लचांड जुनं आहे. एमएस-डॉसमध्ये फोल्डर आले ते 1983 साली, दुसऱ्या आवृत्तीत. तोवर साधा स्लॅश कमांडचे पर्याय देण्यात खर्च झाला होता, म्हणून उलटा घेतला. आजच्या विंडोजवर पायथनला साधा स्लॅश दिला तरी चालतो, पण सवय कोण मोडतो?

पायथन 3.12 पासून बॅकस्लॅश आणि अक्षराच्या निरर्थक जोड्यांवर ठळक इशारा येतो. आमच्याकडेही यायचा, पिवळ्या ओळींची रांग लागायची आणि सगळे ती सरकवून पुढे जायचे. गंमत अशी की नावं स्मॉल केल्यावर ही रांग आखूड झाली. जे चार तालुके खरोखर बिघडले त्यांच्याच ओळी गेल्या, कारण आता त्यांच्या जोड्या पायथनच्या दृष्टीने अर्थपूर्ण होत्या. "इशारे कमी झाले अण्णा," म्हणून पोरगं उलट खूश होतं.

हातची यादी काढून टाकली, पाथ पायथनच्याच पाथलिब या लायब्ररीने जोडायला लावले. अहवाल आता तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहिले जातात आणि टेस्ट त्या फोल्डरमधल्या फायलींची नावं मोजून घेते. इशाऱ्यांना एररचा दर्जा दिला आणि सगळा कोड नव्याने कंपाइल केला. तेव्हा कुठलीच टेस्ट हात लावत नाही अशी एक स्क्रिप्ट अडकली, खानापूरचा लॉग लिहिणारी. गिऱ्हाईकाचा माणूस मागे म्हणाला होता की खानापूरचे लॉग कुठे सापडत नाहीत. सर्व्हरवर पाहिलं तर ते लॉगच्या फोल्डरबाहेर पडून होते, नावातच बॅकस्लॅश घेऊन. जागेवर हलवले आणि त्याला फोन करून सांगितलं.